एक नट कमी

रस्त्याच्या कडेला खोदकाम सुरू झाले, की बघ्यांना तोटा नसतो. भाजी घेऊन घरी निघालेले गृहस्थ पिशवी खाली ठेवतात, शाळेला निघालेली मुले थबकतात, आणि आजोबांचे बोट धरून आलेला नातू तर तिथून हलायचे नावच घेत नाही. तो लांब पिवळा हात खाली वाकतो, ओंजळीत घ्यावी तशी माती उचलतो आणि ट्रकमध्ये रिकामी करतो. बस्स, एवढेच! पण बघणाऱ्याचे समाधान काही होत नाही. या यंत्राचे खरे नाव 'बॅकहो लोडर'. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे त्याच्या यंत्रांवर लागली आणि आपल्याकडे ती इतकी रुळली, की यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, लोक त्याला 'जेसीबी'च म्हणतात.

हा जेसीबी आता खेळण्यांच्या दुकानातही मिळतो. प्लास्टिकचा, पिवळाधमक आणि अगदी तयार. घरी आणला, की पाचव्या मिनिटाला गॅलरीतल्या कुंडीची माती उकरायला सुरुवात! यात वाईट काही नाही. पण आज साठीच्या आसपास असलेल्या काही गृहस्थांना विचारून बघा. त्यांच्या आठवणीतली क्रेन दुकानातून तयार आलेली नसते. ओळीने भोके पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, नट, बोल्ट, चाके आणि दोरा यांतून ती त्यांनी स्वतः उभी केलेली असते. त्या खेळाचे नाव मेकॅनो. नुसते नाव काढले तरी त्यांचा चेहरा खुलतो, आणि पाठोपाठ एक वाक्य हमखास येते, "आमच्याकडे छोटाच सेट होता हो. मोठा काही शेवटपर्यंत मिळाला नाही."

ही हळहळ एकट्यादुकट्याची नाही. आणि गंमत म्हणजे ती त्या खेळाच्या रचनेतच होती.

मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी हे लिव्हरपूलमध्ये मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. इंजिनिअरिंगचे रीतसर शिक्षण नाही, पण हाताला चाळा भारी. आपल्या मुलांसाठी ते घरीच खेळणी करत. अशीच एक क्रेन करताना त्यांच्या लक्षात आले, की प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापत बसण्यापेक्षा सगळ्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली तर? मग आजची क्रेन उद्या मोडून तिचाच पूल करता येईल. भोकांमधले अंतर ठरले अर्धा इंच. १९०१ मध्ये त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १९०७ मध्ये 'मेकॅनो' हे नाव नोंदवले. पुढे लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला आणि एके काळचे हे कारकून १९३१ मध्ये ब्रिटिश संसदेतही निवडून गेले.

हॉर्नबींची व्यापारी बुद्धी मात्र खरी दिसते ती सेटांच्या नंबरांत. सेट क्रमाने मोठे होत जात. तीन नंबरचा सेट असलेल्याने फक्त पूरक पेटी घेतली, की त्याचा सेट चार नंबरचा व्हायचा. जुने काही वाया जात नसे, पण पुढची पायरी कायम खुणावत राही. १९३७ पासून या जिन्याची सगळ्यात वरची पायरी होती दहा नंबर. तो सेट खोक्यात नव्हे, तर खणांच्या लाकडी पेटीत यायचा. बंदरात अजस्र दगड उचलणारी क्रेन, रेल्वेची क्रेन, माती उचलून टाकणारा भला मोठा 'लिफ्टिंग शॉव्हेल', अशी यंत्रे त्यातून तयार होत. १९६४ मध्ये कंपनीने पट्ट्यांचे रंगही बदलून पिवळे, काळे आणि रुपेरी केले, अगदी रस्त्यावरच्या बांधकामाच्या यंत्रांसारखे. दहा नंबरची पेटी प्रत्यक्षात फार थोड्या घरांत गेली. बाकीच्यांनी ती पाहिली कॅटलॉगात.

आपल्याकडे तर कॅटलॉग बघायला मिळणेही भाग्याचे होते. स्वातंत्र्यानंतरची कितीतरी वर्षे परदेशी चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. शेवटचे संख्यात्मक निर्बंध उठले ते १ एप्रिल २००१ रोजी. त्यामुळे मेकॅनो यायचा तो कुणाच्या तरी विलायतेहून आलेल्या काकांच्या बॅगेतून, नाहीतर मोठ्या भावाकडून धाकट्याकडे उतरत, गंजलेल्या बोल्टांसकट. पुढे 'मेकॅनिक्स' या नावाने भारतात तयार होणारे धातूचे सेट दुकानांत आले आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांची सोय झाली. तोही बहुधा लहानच घेतला जाई. वाढदिवसाला एक, चांगले मार्क मिळाले तर पुढचा. मार्क कमी पडले, की क्रेनची उंचीही तेवढ्यावरच थांबायची!

पण याच छोट्या सेटांनी मुलांना कामाला लावले. पुस्तिकेत पुष्कळदा पूर्ण झालेल्या यंत्राचे एकच चित्र असे. आधी काय जोडायचे आणि नंतर काय, हे चित्राकडे बघून आपले आपणच ताडायचे. चार पट्ट्यांचा चौकोन केला, की तो हमखास एका बाजूला कलंडायचा. त्यात एक तिरकी पट्टी टाकली, की ताठ उभा! रेल्वेच्या पुलाला आणि विजेच्या मनोऱ्याला त्रिकोणच त्रिकोण का असतात, हे मग कुणी शिकवावे लागत नसे. क्रेनचा हात वरखाली व्हायला हवा, म्हणून बोल्ट ढिला ठेवावा तर नट फिरून गळून पडायचा. मग एकावर एक दोन नट घट्ट आवळायची युक्ती सापडायची. पलीकडच्या गॅरेजमधला मिस्त्री हेच करतो, हे नंतर कळायचे.

दोऱ्याला आकडा लावून वजन उचलले, की क्रेन सगळीच्या सगळी पुढे तोंडावर पडे. मागच्या बाजूला आजीचा अडकित्ता बांधला, की तोल सावरे. आजीला मात्र सुपारी कातरायला दुपारपर्यंत थांबावे लागे. शिवाय हँडल सोडले, की उचललेले वजन धाडकन खाली! मोठ्या सेटांत मळसूत्राच्या आट्यांचा 'वर्म' गिअर असायचा. तो हँडलने फिरतो, पण वजनाच्या ओढीने उलटा फिरत नाही, म्हणून भार वरच्या वर राहतो. छोट्या सेटवाल्याकडे तो नसायचा. मग हँडलमध्ये पेन्सिल अडकवून ठेवायची. शॉव्हेलचे फावडे म्हणून काड्यापेटीचा खण चाले. मोठ्या सेटमधल्या मुलाच्या क्रेनला सगळे भाग मिळत. छोट्या सेटमधल्या मुलाला प्रत्येक उणिवेवर काहीतरी शोधून काढावे लागे.

आणि उणीव कायमची. कारण काहीही करा, शेवटी एक नट कमी पडायचाच! तो कपाटाखाली गेलेला असे, सतरंजीत अडकलेला असे, नाहीतर सकाळीच केराच्या सुपलीतून बाहेर गेलेला असे.

"आई, थांब गं, झाडू नकोस! माझा नट पडलाय तिथे."

"अरे, मग मी केर काढू कधी? पाहुणे येतील आता. उचल तो पसारा."

"पसारा नाहीये तो, क्रेन आहे!"

हा संवाद कितीतरी मराठी घरांत झडला असेल. मग ताई जमिनीला गाल टेकवून कपाटाखाली बघे आणि फूटपट्टीने नट बाहेर काढून देई. नट देई, आणि पुन्हा आपल्या भातुकलीकडे जाई. तिला सेट आणावा असे मात्र फारसे कुणाला सुचले नाही. दोष एकट्या आईवडिलांचा नव्हता. खोक्यावरच्या चित्रांत मुलगेच असत, जाहिराती मुलग्यांनाच उद्देशून असत आणि हे 'मुलग्यांसाठी इंजिनिअरिंग' आहे असे कंपनी स्वतःच सांगे. त्रिकोणाची ताकद आणि दोन नटांची युक्ती कपाटाखालचा नट शोधणाऱ्या मुलीलाही कळली असती. तिला स्क्रू ड्रायव्हर दिला गेला नाही, एवढेच.

हा नुसता पोरखेळ होता असे कुणी समजू नये. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी कठीण गणिती समीकरणे सोडवणारे 'डिफरन्शियल ॲनालायझर' हे यंत्र चक्क मेकॅनोच्या भागांतून उभे केले. खर्च आला सुमारे वीस पौंड. त्यावरून यंत्र चालते हे सिद्ध झाले आणि मग पूर्ण आकाराचे खरे यंत्र बांधले गेले. १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक, हॅरी क्रोटो, यांनी आपल्या आत्मपर टिपणात लहानपणीच्या मेकॅनोची आठवण आवर्जून सांगितली आहे. नट किती आवळावा, किती सैल ठेवावा, हे बोटांना कळण्याचे शिक्षण त्या खेळात आहे, आणि तो मागे पडला याची खंतही त्यांनी व्यक्त केली आहे.

मागे तर तो पडलाच. बिन्स रोडचा कारखाना नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद झाला. नाव जिवंत राहिले ते फ्रान्समधल्या कॅले इथल्या कारखान्यामुळे. तोही बंद करण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला. दरम्यान लेगोने १९७७ पासून गिअर आणि दांड्यांचे तांत्रिक सेट काढायला सुरुवात केली होती. त्यांचे २०१९ मधले लीभर कंपनीच्या खोदयंत्राचे प्रतिरूप ४,१०८ तुकड्यांचे आहे आणि ते मोबाइलवरून चालवता येते. दहा नंबरच्या लाकडी पेटीचे हे आजचे भावंडच म्हणायचे.

आणि इथेच एक धोका उभा राहतो. लहानपणी ज्याला मोठा सेट मिळाला नाही, त्याच्या हातात आता चार पैसे आहेत. नातवाच्या वाढदिवसाचे निमित्त होते आणि घरात भले मोठे खोके येते. रविवारी सकाळी ते दिवाणखान्यात उघडले जाते. आजोबा चष्मा लावून पुस्तिका हातात घेतात.

"आबा, मी लावू हे चाक?"

"थांब रे राजा, आधी मला गिअर बसवू दे. चुकलं तर सगळं परत उघडावं लागेल."

दुपारपर्यंत आबा रंगून जातात, आणि नातू टीव्हीसमोर जाऊन बसतो. संध्याकाळी देखणे खोदयंत्र तयार होते, ते काचेच्या कपाटात जाते आणि वर ताकीद मिळते, "हात लावायचा नाही बरं का!" आबांची पन्नास वर्षांपूर्वीची हौस फिटली. चांगलेच झाले, त्यांनी ती जरूर फेडावी, पण स्वतःच्या नावाने! नातवाच्या वाट्याला मात्र लहानपणी आबांना जे मिळाले होते, नेमके तेच आले नाही. चुकायचे, उघडायचे आणि पुन्हा जोडायचे, हाच तर सगळा खेळ होता.

म्हणून मुलांसाठी घ्यायचा तर पहिला सेट छोटाच घ्यावा. मूल सात-आठ वर्षांचे झाल्यावर घ्यावा, आणि घरात रांगते बाळ असेल तर नट-बोल्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावेत, कारण बाळाच्या हाती लागलेला नट थेट तोंडात जातो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. ते बघूनच खरेदी करावी. आणि घरात मुलगी असेल, तर तिने मागेपर्यंत वाट बघू नये.

सेट दिल्यावर मोठ्यांनी करायचे काम एवढेच, की हात मागे बांधून बसायचे. क्रेन वाकडी उभी राहील. वजन उचलताना तोंडावर पडेल. "आबा, हे असं का होतंय?" असा प्रश्न आला, तरी उत्तर लगेच देऊ नये. "तुला काय वाटतं?" एवढेच विचारावे. केर काढणाऱ्या बाईंना सांगून तो कोपरा दोन दिवस तसाच राहू द्यावा. आणि शेवटी एक नट कमी पडलाच, तर बाजारातून नवे पाकीट आणायची घाई करू नये. आधी कपाटाखाली बघायला लावावे. तिथेही नाही सापडला, तर पोरे त्याच्याशिवाय काहीतरी जमवतातच.