जेलची पिशवी आणि थंडीचा हिशोब

मासळी, मटण, औषधे परगावी पाठवणारे आमचे अनेक व्यापारी बंधू बर्फाऐवजी जेलच्या पिशव्या वापरतात. "पाण्यापेक्षा जेल जास्त वेळ गार राहते," असे सांगून विक्रेता दाम वाढवून घेतो. आमच्या मते हा दावा तपासूनच पैसे मोजावेत.

आम्ही कापडवाले. छपाईच्या रंगाला दाटपणा यावा म्हणून गवारीचा डिंक किंवा सीएमसी घालतात. रंग पसरत नाही, पण डिंकाने रंग वाढतही नाही. जेलच्या पिशवीतही सीएमसी किंवा पाणी शोषणारी पॉलिअॅक्रिलेट पावडर असते, बाकी सारे पाणीच. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो. तेच पाणी पुढे शून्यावरून १० अंशांवर जाताना फक्त १० ओढते. म्हणजे थंडीचे खरे भांडवल गोठलेले पाणी आहे. एक-दोन टक्के पावडरीने ते वाढत नाही. गोठणबिंदूही जवळपास शून्यच राहतो, कारण तो विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतो आणि पॉलिमरचे कण मोठे असले तरी मोजकेच असतात.

जेलचा फायदा वेगळा आहे. पिशवी फाटली तरी माल भिजत नाही, आणि आतले पाणी खेळत नसल्याने थंडी थोडी सावकाश बाहेर पडते. एवढ्याचेच दाम द्यावेत.

मीठ घातलेली पिशवी मात्र निराळी. १० टक्के मिठाचे पाणी उणे ६ अंशांच्या खाली गेल्यावरच गोठू लागते, २३ टक्क्यांचे उणे २१ च्या सुमारास. घरगुती फ्रीजर साधारण उणे १८ चा. तेथे ते गोठणारच नाही आणि बर्फाचे काम करणार नाही. उलट मोठ्या फ्रीजरमध्ये गोठवलेली अशी पिशवी इन्सुलिनला लागून ठेवली, तर इन्सुलिन गोठून वाया जाते. लसीकरणात साध्या पाण्याचे आइसपॅकसुद्धा थोडे वितळू देतात आणि हलवल्यावर पाण्याचा आवाज आला की मगच वापरतात, ते याच भीतीने.

म्हणून विक्रेत्याने पिशवीवर निव्वळ वजन आणि वितळण्याचे तापमान छापावे. घेणाऱ्याने तेवढ्याच वजनाची साध्या पाण्याची पिशवी सोबत गोठवून, दोन सारख्या खोक्यांत थर्मामीटर ठेवून पाहावे. कापड मीटरने मोजून घेणाऱ्यांनी थंडी तेवढी तोंडी हमीवर का घ्यावी?