मानमोडी : 'जागतिक घटनां'च्या यादीतून गळालेली साथ (धागा)

१/ विसाव्या शतकाच्या आरंभीच्या 'महत्त्वाच्या जागतिक घटना' म्हटल्या की ठरावीक यादी समोर येते : १९०४-०५चे रशिया-जपान युद्ध, १९१४चे सारायेवो, १९१७ची रशियन क्रांती, १९१९चा व्हर्सायचा तह. महाराष्ट्राच्या घराघरांत शिरलेली जागतिक घटना मात्र या यादीत नसते. ती म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. माझा आक्षेप या विस्मरणावर आहे.

२/ आधी नाव. आपण सर्रास 'स्पॅनिश फ्लू' म्हणतो. युद्धात गुंतलेल्या राष्ट्रांनी वृत्तपत्रांवर बंधने घातली होती. तटस्थ स्पेनमध्ये साथीच्या बातम्या उघडपणे छापल्या गेल्या, म्हणून ते नाव रूढ झाले. मराठी माणसाने या दुखण्याला 'मानमोडी' म्हटले होते. ज्यांनी ते भोगले त्यांचा शब्द आपण टाकून दिला.

३/ १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. महायुद्धाची जहाजे याच बंदरातून ये-जा करीत होती. पहिली लाट ओसरली. सप्टेंबरात दुसरी, अधिक घातक लाट आली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले.

४/ बंदरातून रोग रेल्वेने आत गेला. माझ्या टिटवाळ्यावरून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग तेव्हा अर्धशतकाहून जुना होता. येथील गणपतीच्या देवळाशी जोडलेली माधवराव पेशव्यांची कथा आम्हांला मुखोद्गत आहे. १९१८मध्ये या मार्गावरच्या गावांत काय घडले, हे शाळेत कोणी सांगितले नाही, आणि एम.ए.ला येईपर्यंत मीही विचारले नाही.

५/ भारतातील बळींचे प्रचलित अंदाज १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख. महायुद्धात सर्व देशांचे मिळून सुमारे ९० लाख ते १ कोटी सैनिक मेले. आजच्या महाराष्ट्राच्या भूप्रदेशाची लोकसंख्या १९११मध्ये सुमारे २ कोटी १४ लाख होती. १९२१मध्ये ती २ कोटी ८ लाखांवर आली. त्यानंतर एकाही जनगणनेत ती घटलेली नाही.

६/ 'साथ ही निसर्गाची करणी, इतिहास म्हणजे माणसांचे कर्तृत्व', असा युक्तिवाद होतो. मग मुंबईतील मृत्युदर पाहा : तेव्हाच्या नोंदींत 'कनिष्ठ जाती' म्हणून लिहिलेल्या हिंदूंमध्ये दर हजारी सुमारे ६१, युरोपियनांमध्ये ८. विषाणू जात विचारत नाही. कोणी कोंदट खोलीत राहायचे आणि कोणी हवेशीर बंगल्यात, हे माणसांनीच ठरवले होते. त्यातच पाऊस हुकला होता, धान्य महागले होते आणि अनेक डॉक्टर युद्धावर होते.

७/ लढाईला सेनापती असतो, त्याचा पुतळा उभारता येतो. मानमोडीत पुरुषांहून स्त्रिया अधिक मेल्या. आजाऱ्यांची शुश्रूषा त्याच करीत होत्या, हे त्याचे एक कारण. त्यांचा पुतळा कोण उभारणार?

८/ सारायेवो वगळा, असे मी म्हणत नाही. पण २०२०मध्ये आपण 'अभूतपूर्व' हा शब्द ज्या सहजतेने वापरला, ती सहजता आपल्या अज्ञानातून आली होती. घरात वंशावळ असेल तर काढून पाहा. १९१८च्या आश्विनात कोणाची नावे थांबतात, आणि कोणाची मुळात लिहिलीच गेली नाहीत, ते तपासा.