भाड्याची चित्रे आणि मालकीच्या फिती

घरातील टीव्हीला जोडावयाची डबी अथवा स्टिक घेण्यास गेलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेता पहिला प्रश्न विचारतो तो बजेटचा. प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. त्या डबीतून जे पाहावयाचे ते कोणाच्या मालकीचे आहे, हा पहिला प्रश्न. आणि तो दुकानात नव्हे, घरातच सुटावयास हवा.

काळाचौकीतील एखादे व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दुकान लालबागच्या बाजारात, घर अभ्युदय नगरात किंवा आसपासच्या एखाद्या नव्या टॉवरमध्ये. रात्री दुकान वाढवून मंडळी घरी आली की क्रिकेटचा सामना, मालिका, नातवंडांची कार्टून, चातुर्मासात यूट्यूबवरील प्रवचन असे काही ना काही चालू असते. हे सारे भाड्याचे. काही शुल्क भरून, काही जाहिराती सोसून मिळालेले. त्याच घराच्या कपाटात मात्र निराळा ऐवज असतो. थोरल्या मुलाच्या लग्नाच्या व्हीएचएस फिती, आजोबांच्या पंचाहत्तरीची डीव्हीडी, श्रवणबेळगोळच्या यात्रेचे मोबाइलवरील चित्रण. हा ऐवज मालकीचा. दोन्ही कामे कोणतीही डबी सारखीच करील असे गृहीत धरून खरेदी केली जाते आणि फसगत तेथेच होते.

भाड्याने चित्रे पाहण्याची सवय मुंबईला नवी नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आले, पाठोपाठ व्हिडिओ आला. एका खोलीत व्हीसीआर, तेथून गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या तारा आणि घरटी मासिक वर्गणी, अशा रीतीने या शहरात केबलचा धंदा वाढला. वर्गणी थांबली की तार कापली जाई. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स आणि डिसेंबरात प्राइम व्हिडिओ भारतात आले, मधल्या सप्टेंबरात जिओने डेटा स्वस्त केला, आणि वर्गणीचा तोच व्यवहार तारेवाचून सुरू झाला.

फरक इतकाच, की आता भाड्याच्या चित्रांसाठी यंत्र विकत घ्यावे लागते. आणि विकत घेतलेले यंत्रही पूर्णपणे आपले होत नाही. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे जगभर एकाएकी निकामी झाली. बिघाड काहीच नव्हता. त्यांची ओळख पटविणाऱ्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठविली. पण भिंतीवरचा संच आपला असला तरी त्याची किल्ली परक्याच्या खिशात असते, हे त्या आठवड्यात अनेकांना कळले. याउलट २००८ साली आलेली डब्ल्यूडी टीव्ही नावाची पेटी पाहावी. तिचे उत्पादन केव्हाच बंद झाले. परंतु जोडलेल्या हार्ड डिस्कवरील फाइल दाखविण्यासाठी तिला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. म्हणून स्ट्रीमिंगसाठी घेतलेल्या डबीवर तीन-चार वर्षांत पूर्ण घसारा धरावा. त्याहून अधिक चालली तर तो लाभ समजावा.

मालकीच्या फायलींची अडचण वेगळी. मोबाइल आणि अलीकडचे कॅमेरे ज्या पद्धतीने चित्र दाबून साठवितात, त्या एच.२६४ आणि एचईव्हीसी या पद्धती आजचे बहुतेक संच ओळखतात. जुन्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या फायली मात्र अनेक टीव्ही उघडतच नाहीत. कधी चित्र दिसते आणि आवाज येत नाही, कारण डीटीएससारख्या ध्वनिपद्धतीचा परवाना त्या संचाकडे नसतो. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने आखलेला असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर उतरत नाही. मिनी-डीव्हीचे एका तासाचे चित्रण सुमारे १३ जीबी भरते. अशा वेळी दोष बिचाऱ्या पेनड्राइव्हला दिला जातो. तो एक्सफॅट पद्धतीने पुन्हा आखला की काम होते. फक्त त्याने आतला मजकूर पुसला जातो आणि काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून काही विकत घेण्यापूर्वी घरच्या टीव्हीच्या यूएसबी छिद्रात आपल्याच चार फायली लावून पाहाव्यात: एक लग्नाची, एक जुन्या कॅमेऱ्याची, एक डीव्हीडीवरून उतरविलेली, एक मोबाइलची. चारही नीट चालल्या आणि नेहमीची अ‍ॅपही सुरळीत उघडत असली, तर डबीची गरजच नाही. निम्म्या घरांचा खर्च येथेच वाचावा.

गरज असेलच, तर निवड कामानुसार ठरते. फक्त स्ट्रीमिंग हवे असेल तर स्टिक पुरे. परंतु साध्या स्टिकला पूर्ण आकाराचे यूएसबी छिद्र नसते; हार्ड डिस्क जोडण्यासाठी वेगळी वायर आणि बाहेरून वीज द्यावी लागते. अ‍ॅपल टीव्ही गुणाने उत्तम. पण त्यालाही यूएसबी छिद्र नाही. ज्या घरात मालकीचा ऐवज मोठा आहे, त्यांनी यूएसबी छिद्र असलेली, प्रमाणित अँड्रॉइड टीव्ही अथवा गूगल टीव्हीची पेटी घ्यावी आणि तीवर व्हीएलसी हे विनामूल्य अ‍ॅप उतरवून घ्यावे. संचाला न जुमानणाऱ्या बहुतेक फायली ते मुकाट्याने चालविते. लॅनच्या तारेचे छिद्रही असल्यास अधिक बरे. दाट वस्तीत शेजारपाजारच्या वाय-फायची गर्दी फार असते. फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेग सुचविते, फुल एचडीसाठी ५ पुरतो.

प्रमाणित या शब्दावर थांबणे भाग आहे. लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन बाजारापर्यंत निनावी अँड्रॉइड पेट्या निम्म्या किमतीत मिळतात आणि ‘सर्व चॅनल फुकट’ असे त्यांचे आमिष असते. चोरीचा माल स्वस्त मिळतो म्हणून आपण तो दुकानात ठेवीत नाही; घरात तरी का आणावा? शिवाय तो स्वस्तही पडत नाही. संरक्षणाची परवानाप्राप्त व्यवस्था नसल्याने अशा पेटीवर मोठ्या सेवांचे चित्र हलक्या दर्जाचेच दिसते. आणि खरा धोका त्याहून मोठा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने सुमारे ३०,००० उपकरणांचा परक्या चालकांशी असलेला छुपा संपर्क तोडला. उपद्रवी प्रणाली त्यांत विक्रीपूर्वीच भरलेली होती. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही अशाच टीव्ही पेट्यांविषयी जाहीर इशारा दिला. असे यंत्र आपल्या इंटरनेट जोडणीतून परक्यांची वाहतूक नेते. उद्या कोणी तिच्याआड गुन्हा केला, तर पत्ता आपल्या घराचा निघतो.

व्यापाऱ्याच्या घरी ही गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या वाय-फायवर ती पेटी, त्याच वाय-फायवर दुकानाचा संगणक, जीएसटीचे विवरण आणि बँकेचे व्यवहार असतात. पेटीवरील बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर जरूर तपासावा, मात्र ती नोंदणी विजेच्या सुरक्षिततेची ग्वाही देते, आतील प्रणालीची नव्हे. पेटी कितीही नामांकित असो, राउटरवर पाहुण्यांसाठी असलेले वेगळे जाळे चालू करून तिला त्यावरच ठेवावे. दहा मिनिटांचे काम आहे.

राहिला कपाटातील फितींचा विषय. आणि घाई करावयाची ती येथे. व्हीसीआर बनविणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. चालू स्थितीतील यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत आणि मुंबईच्या दमट हवेत फितींना बुरशी धरते. डबी पुढच्या दिवाळीत घेतली तरी चालेल, फिती मात्र या पावसाळ्यापूर्वी उतरवून घ्याव्यात. काम देताना तयार फाइल एच.२६४ मध्ये मागावी आणि मूळ फिती परत घ्याव्यात. दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती कराव्यात. एक घरात, एक दुकानात. फाइलला ‘व्हिडिओ १’ असे नाव न देता साल आणि प्रसंग घालावा. पहिल्यांदा लावताना घरातील वृद्धांना शेजारी बसवावे आणि मांडवात कोण कोण दिसते त्यांची नावे वहीत उतरवून घ्यावीत. तीस वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडातील चेहरे ओळखणारी माणसे आता प्रत्येक घरात एक-दोनच उरली आहेत.