आर्ट्सला जायचंय, पण कुठे?

बारावीनंतर इतिहास किंवा समाजशास्त्र घेणार म्हटलं की घरचे आधी कपाळाला हात लावतात आणि मग कॉलेजचं नाव विचारतात. नावाला महत्त्व आहेच. १८८५ सालच्या फर्ग्युसनचं किंवा मुंबईच्या झेवियर्सचं वलय खोटं नाही. पण आर्ट्सच्या मुलाने वलयाआधी विभागाची पाटी वाचावी. किती प्राध्यापक कायम आहेत आणि किती तासिका तत्त्वावर? माहितीपत्रकात छापलेले वैकल्पिक विषय खरंच शिकवले जातात, की पाच मुलं जमली नाहीत म्हणून बारगळतात? ही माहिती संकेतस्थळावर सापडत नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर कॅन्टीनमध्ये चहा प्यायला की दहा मिनिटांत मिळते. मग ग्रंथालयात जावं. पुस्तकं मुलांना स्वतः हाताळता येतात, की चिठ्ठी देऊन खिडकीशी ताटकळावं लागतं, हे मला तरी नॅकच्या श्रेणीपेक्षा बोलकं वाटतं. आणि पदवी एका ठिकाणी, पदव्युत्तर दुसरीकडे, असा बेत आधीच आखायला हरकत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ पासून पुरातत्त्व आणि भाषाशास्त्राचं काम चालतं, इरावती कर्वे आणि ह. धी. सांकलिया तिथलेच, पण तिथे पाऊल टाकायचं ते पदवीनंतर. केंद्रीय विद्यापीठांचा रस्ता २०२२ पासून सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून जातो, तेव्हा विषयांची जुळणी अर्ज भरतानाच तपासा. वसतिगृहाचं मात्र सगळ्यात आधी विचारा. पुण्यात कॉट बेसिसचं भाडं फीपेक्षा जड जातं.