चोवीसचा पाढा अडला तर चार आणि सहा

भीमजयंतीच्या आगेमागे धारूर तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परतू लागतात. दसरा-दिवाळीला आईबापांबरोबर गेलेली लेकरेही परततात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्यांना वयाप्रमाणे चौथी-पाचवीत बसता येते, हे चांगलेच झाले. पण वर्ग मिळाला म्हणून बुडालेले पाढे मिळत नाहीत. फळ्यावर 432 ला 18 ने भागायला आले की पोर मान खाली घालते. "आधी अठराचा पाढा पाठ कर, मग भागाकार," असे त्याला सांगितले जाते. पाढा होत नाही, भागाकार राहतो आणि हळूहळू गणिताच्या तासाचीच भीती बसते.

आमचे म्हणणे असे की, अठराच्या पाढ्यापायी पोराला दारात उभे करू नये. दहापर्यंतचे पाढे येत असतील तर तेवढ्या शिदोरीवर काम भागते. नऊ दुणे अठरा. म्हणून 432 ला आधी 2 ने भागावे, 216 आले. त्याला 9 ने भागावे, 24 आले. हेच उत्तर. कुणी 3 आणि 6 घेतले तर आधी 144 येतील, मग पुन्हा 24. कोणती जोडी घ्यायची ते पोरालाच ठरवू द्या. शाळेच्या पुस्तकात या 2, 9, 3, 6 ला 18 चे विभाजक म्हणतात. जुनी माणसे अवयव म्हणतात.

ही युक्ती नवी नाही. घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल तर तिला विचारा. 1957 साली नवे पैसे येण्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. रुपयाची निम्मी अधेली, तिची निम्मी पावली, तिची निम्मी चवली, तिचा निम्मा आणा. सोळाचा पाढा न म्हणता सोळाने भागून झाले!

खरी अडचण येते ती बाकी उरली की. इथे पोरेच काय, शिकवणारे दादा-ताईही चुकतात. आपल्या बालाघाटची सीताफळे घ्या. 175 सीताफळे, प्रत्येक पेटीत 24 भरायची. आधी चार-चारचे वाटे करा: 43 वाटे झाले, 3 फळे सुटी राहिली. आता सहा-सहा वाट्यांची पेटी भरा: 7 पेट्या भरल्या, 1 वाटा उरला. पोर बाकी 1 लिहिते, किंवा 3 आणि 1 मिळवून 4 लिहिते. रागावू नका. "उरलेल्या वाट्यात फळे किती?" एवढेच विचारा. चार. ती चार आणि सुटी तीन मिळून बाकी सात. मग ताळा करायला लावा: 24 सत्ते 168, त्यात 7 मिळवले की 175. सीताफळाचा हंगाम नसेल तर चिंचोके घ्या, पण दोन-तीन दिवस हातानेच वाटे करू द्या. कागदाची घाई नको.

आणखी एक खोड दिसते. 24 म्हणजे 20 आणि 4, म्हणून मुले आधी 20 ने आणि मग 4 ने भागतात. 240 ला तसे भागले तर आधी 12 आणि मग 3 येतात. खरे उत्तर तर 10. जोडी गुणाकाराची हवी, बेरजेची चालत नाही. 17, 19, 23 यांना अशी जोडीच नाही. तिथे समासात 17, 34, 51, 68 असे मिळवत जावे. परीक्षेत मोठा भागाकार विचारतातच, तोही शिकवावा. पण तोवर पोराचा धीर टिकला पाहिजे.

हे गणित शाळेपुरते नाही. समजा, एका कोयत्याची उचल 1,08,000 रुपये आणि हंगाम 24 आठवड्यांचा. 4 ने भागले, 27,000. 6 ने भागले, 4,500. म्हणजे दर आठवड्याला 4,500 रुपये फिटले तरच उचल फिटणार, खाण्यापिण्याचा खर्च वेगळा. मुकादमाच्या वहीवर सही-अंगठा करण्याआधी, दिवाळीपूर्वीच हा हिशेब घरात व्हावा. पाचवीतली लेक तो करू शकते. टनाचा दर काय आणि आठवड्याची तोड किती, एवढे तिला सांगा. पुढचा गुणाकार ती करील.