हौजातले दिवे आणि वारंवार पडणारा स्विच

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाने विजेच्या फॉल्टवर का लिहावे, असा सवाल काही वाचक करतील. जबाब साधा आहे. चूक आमच्या हातून झाली, म्हणून लिहितो आहोत.

हल्ली शादीखान्याच्या अंगणात कारंजे, मशिदीच्या हौजात पाण्याखालचे दिवे, बंगल्याच्या बागेत छोटा धबधबा, हा शौक सर्वत्र वाढला आहे. आम्ही ज्या शादीखान्याच्या कमिटीवर आहोत तेथेही असे कारंजे आहे. एका लग्नाच्या संध्याकाळी त्याचा स्विच दर दहा मिनिटांनी पडू लागला. वऱ्हाड दारात आलेले. वायरमन म्हणाला, "सेठ, कुठेतरी लीकेज आहे. आज कारंजे बंद ठेवा." आम्ही म्हणालो, "भाई, आजची रात्र डायरेक्ट करून दे, उद्या बघू." त्याने नाइलाजाने तसे केले. तासाभरात कठड्यावर खेळणाऱ्या एका मुलाने पाण्यात हात घातला आणि किंचाळून मागे पडला. अल्लाहचे शुक्र की मूल बचावले. दोष वायरमनचा नव्हता. हुकूम आमचा होता.

आमच्या धंद्यातील बांधवांना हे चटकन समजेल. ज्या मागावर बाणा तुटताच माग थांबवणारी काटी असते, तिथे शहाणा विणकर काटी बांधून ठेवत नाही, धागा जोडतो. विजेच्या बोर्डावरील आरसीसीबीचे काम तसेच आहे. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला की नाही, हा हिशेब ती सतत करते. माणसाच्या बचावासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची स्वस्त मिळाली म्हणून कारंज्याला बसवणे हा धोका आहे. ओल्या अंगाचा विजेला विरोध फार कमी होतो, म्हणून पाण्याजवळ ही कसर चालत नाही.

आता फॉल्ट शोधावा कसा? त्या घटनेनंतर एका जाणत्या कारागिराजवळ बसून आम्ही जे समजून घेतले, ते येथे देतो. काम मात्र परवानाधारक वायरमननेच करावे. पहिली गोष्ट, मेन बंद केल्याशिवाय पाण्यात कोणीही हात घालू नये. मग स्विच केव्हा पडतो ते विचारावे. पंप चालू होताच पडत असेल तर पंपाचे सील किंवा वाइंडिंग पाहावे. पाऊस आला की पडत असेल तर जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरले आहे. दिवे काही वेळ चालून मग पडत असेल तर दिव्याच्या गॅस्केटवर शंका घ्यावी. दिवा तापतो, बंद झाल्यावर थंड होतो आणि थंड होताना खराब गॅस्केटमधून पाणी आत ओढून घेतो.

त्यानंतर प्रत्येक लाइन वेगळी करून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासावी. येथे बरेच वायरमन फक्त फेज सोडतात. न्यूट्रलही सोडला पाहिजे, कारण न्यूट्रल अर्थला टेकला तरी आरसीसीबी पडते. एलईडीचे ड्रायव्हर आधी काढून ठेवावेत, नाहीतर मेगरने ते जळतील. रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आले तर ती लाइन पुन्हा जोडू नये.

बहुतेक वेळा चोर सापडतो तो जोडात. काळी टेप गुंडाळलेला जोड पाण्याखाली टिकत नाही. पाणी वायरीच्या तारांतून वर चढत दिव्यापर्यंत जाते. जोड पाण्याबाहेर घ्यावा किंवा जेल अथवा रेझिन भरलेल्या पेटीत करावा. पाण्यात बुडणारा दिवा आयपी ६८ दर्जाचाच हवा. आयपी ६५ म्हणजे फक्त पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव. आमच्या दुकानदार बांधवांनी ६५ चा माल पाण्याखालचा म्हणून विकू नये. ते मापात पाप आहे.

सर्वांत बरे म्हणजे पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे ठेवावेत आणि सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर कोरड्या जागी, हौजापासून दूर बसवावा. मग आरसीसीबी पडली तर दोष पंपात किंवा २३० व्होल्टच्या बाजूला शोधायचा, हेही सोपे होते. दिवे मंद जळत असतील तर वायरची जाडी पाहावी. ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरने २० मीटर दूर नेले तर सुमारे दीड व्होल्ट वाटेतच जातो.

हे सर्व कारागिरांना ठाऊक नाही असे नाही. मग होत का नाही? कारण आम्ही सेठलोक आणि ट्रस्टी झुंबराला हजारो रुपये मोजतो आणि फॉल्ट शोधण्याच्या मजुरीवर घासाघीस करतो. दोन तास मेगर घेऊन बसलेल्या माणसाला म्हणतो, "केलेस काय? एक जोड तर बदललास!" त्याने त्या जोडाचे पैसे मागितलेले नसतात. तो जोड शोधण्याचे हुनर असते, त्याचे ते दाम आहे. दाम मिळाले नाही की पुढच्या वेळी तोही टेप गुंडाळून निघून जातो.

कारागीर बांधवांनाही एक विनंती. आयटीआय करा, परवाना काढा, मेगर स्वतःचा ठेवा, रीडिंग बिलावर लिहून द्या. कारंजी वाढत आहेत आणि ती नीट दुरुस्त करणारे हात थोडे आहेत. यात इज्जतीची रोजी आहे. आणि सेठ "डायरेक्ट कर" म्हणाला तर साफ नकार द्या.

आमच्या कमिटीने आता दोन ठराव केले आहेत. दर महिन्याला आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून नोंद ठेवायची. आणि स्विच पडला तर लग्न कोणाचेही असो, कारंजे बंद राहील. वऱ्हाडाची नाराजी आम्ही सोसू. त्या मुलाची किंचाळी पुन्हा ऐकण्याची आमची हिंमत नाही.