भिंत कोणाची?

बीडहून मांजरसुंब्यामार्गे अंबाजोगाईस जाणारी एस.टी. वाटेत केजला थांबते. धारूर आणि कळंब या गावांचे रस्तेही येथेच येऊन मिळतात. चार दिशांची माणसे जेथे उतरतात, तेथे दुकाने थाटली जाणारच. आणि दुकान आले की पाटी आली. बी-बियाणे विकणारा, औषधविक्रेता, कापडवाला, शिंपी, चष्मे करून देणारा, या प्रत्येकास आपले नाव वाटसरूच्या नजरेस पडावे असे वाटते. त्यात गैर काहीच नाही. परगावच्या माणसाला कोणती वस्तू कोठे मिळेल हे पाटीच सांगते. पाटी नसलेला बाजार म्हणजे नावे नसलेली वही!

परंतु हीच पाटी दुकानाच्या दारावरून उतरून शाळेच्या कुंपणावर, विजेच्या खांबावर आणि झाडाच्या बुंध्यावर जाऊन बसते, तेव्हा प्रश्न निराळा होतो. वर्तमानपत्रातील जाहिरात नको असेल तर पान उलटता येते. रस्त्यावरील जाहिरातीस पान नसते. शाळेत जाणारे मूल डोळे मिटून चालू शकत नाही. ‘ज्याला पाहवत नाही त्याने पाहू नये,’ असे काही जण म्हणतात. परंतु ज्याला त्याच रस्त्याने रोज दोनदा जावे लागते, त्याने न पाहावे ते कसे? रस्ता सर्वांच्या पैशातून बांधलेला असतो. त्याच्या कडेचे दृश्यही सर्वांचे आहे आणि त्यावर कोणा एकाची मालकी चालू नये.

म्हणूनच महाराष्ट्रात १९९५ साली मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा कायदा झाला. लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीवाचून जाहिरात लावणे हा त्याने गुन्हा ठरविला असून, त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. दोन हजार रुपये ही रक्कम मोठ्या व्यापाऱ्यास आज जड वाटत नाही, ही त्या कायद्याची उणीव म्हटली पाहिजे. केजचा कारभार नगरपंचायतीकडे आहे. तेव्हा परवानगी देणे, नाकारणे आणि विनापरवाना फलक उतरविणे ही जबाबदारीही तिचीच ठरते.

आता अशोभनीय जाहिरातींविषयी. विहिरीवर बसवायचा पंप विकावयाचा असतो, आणि चित्र असते एखाद्या स्त्रीचे. तेही असे की आईबरोबर चाललेल्या मुलाने मान खाली घालावी. त्या चित्राचा पंपाशी संबंध काय? पाणी ते अधिक उपसते काय? स्त्रीचे असभ्य चित्रण करणाऱ्या जाहिरातींस १९८६ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. परंतु अशोभनीयता केवळ चित्रातच असते असे मानणे चुकीचे होईल. खोटी आशा दाखविणे हेही तितकेच अशोभनीय आहे. मधुमेह मुळापासून नाहीसा करतो, बहिरेपण घालवितो, उंची वाढवून देतो, असे सांगणारे मजकूर गावोगावच्या भिंतींवर ठळक अक्षरांत रंगविलेले आढळतात. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे. ज्यांच्यावरील उपचाराची जाहिरात करता येत नाही अशा ५४ विकारांची व अवस्थांची यादी त्यास जोडलेली असून, मधुमेह, बहिरेपण आणि उंची ही तिन्ही तीत आहेत. कायदा जुना झाला. भिंत मात्र दरवर्षी नव्याने रंगते. अशा भिंतीवर विश्वासून एखादा गरीब शेतकरी डॉक्टरांचे औषध सोडून देतो, तेव्हा त्याचे पैसे जातात आणि प्रकृतीही जाते. असभ्य चित्रापेक्षा हे नुकसान अधिक मोठे आहे.

फलक जिवावरही उठतात. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्याने एक अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. महापालिकेची मर्यादा ४० फूट लांबी व ४० फूट रुंदीची. तो फलक १२० फूट लांब व १२० फूट रुंद होता. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे : बाजू तिप्पट, तर क्षेत्रफळ नऊपट. वारा क्षेत्रफळावर रेटा देतो, परवान्याच्या कागदावर नव्हे.

दुकानाचे नाव मराठीत, देवनागरी लिपीत आणि इतर भाषेतील अक्षरांहून लहान नसलेल्या अक्षरांत असावे, असाही नियम आहे. २०२२ मध्ये तो लहान दुकानांनाही लागू झाला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. नियम योग्यच आहे. त्या मराठीचे शुद्धलेखनही कोणी तपासले असते तर बरे झाले असते!

ब्राझील देशातील साओ पावलो या महानगराने २००७ साली रस्त्यावरील सर्वच जाहिरात-फलक काढून टाकले व दुकानाच्या पाटीचा आकारही ठरवून दिला. केजने तसे करण्याचे कारण नाही. मोठ्या कंपनीस जाहिरातीची इतर अनेक साधने असतात. गल्लीतील शिंप्यास पाटीवाचून दुसरे काय आहे? नियमाने त्याची पाटी राखली पाहिजे. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे घडते. शिंप्याची पत्र्याची पाटी अतिक्रमण म्हणून उचलली जाते आणि चौकातील वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलाथोरला फलक आठवडाभर डौलाने उभा राहतो. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये निर्णय देताना स्थानिक संस्थांना बेकायदा फलक हटविण्याचे आदेश दिले, आणि त्यातून राजकीय पक्षांचे फलकही सुटले नाहीत. माणूस पाहून लावला जाणारा नियम हा नियमच नव्हे. ती मर्जी होय.

शुभेच्छांचे हे फलक यंत्रावर काही तासांत छापले जातात. त्यांचे प्लॅस्टिक-कापड कुजत नाही. काम सरले की ते गटारात जाऊन अडकते. या यंत्राने गावोगावच्या पेंटरचेही काम हिरावले. खडूने रेघा आखून, हात स्थिर धरून, एकेक अक्षर वळणदार काढणारा तो कारागीर होता. नगरपंचायतीने बसस्थानकाजवळची एखादी लांब भिंत जाहिरातींसाठी मुद्दाम राखून ठेवावी, तिचे ठरावीक भाग अल्प भाड्याने लहान दुकानदारांस द्यावेत, आणि त्यांवरील अक्षरे गावातील पेंटरकडूनच काढून घ्यावीत. प्रत्येक जाहिरातीच्या खालच्या कोपऱ्यात परवान्याचा क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहिलेली असावी; म्हणजे शाळेतून घरी जाणारे मूलही ती वाचून मुदत संपली की नाही ते सांगू शकेल.